मधल्या रांगेत बेस येईना

सत्यभामा टॉकीज शुक्रवारी पुन्हा उघडायची होती, आणि बुधवारी दुपारपर्यंत तिथे सगळं येऊन बसलं होतं. नवा पडदा ताणून झाला होता, मरून रंगाच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं होतं, दर्शनी भिंतीवर मालकाच्या आजीचं नाव दिव्यांच्या अक्षरांत लागलं होतं. पत्ता नव्हता तो फक्त बेसचा, म्हणजे खालच्या घुमत्या आवाजाचा.

अनुजा मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. ती नागपूरच्या एका कंपनीत कामाला होती. ही कंपनी सिनेमागृहांना आवाजाची यंत्रणा बसवून द्यायची, आणि बसवून झाल्यावर तो आवाज जुळवायचं काम अनुजाकडे असायचं. अमरावतीपासून बिलासपूरपर्यंत तिने कितीतरी हॉल जुळवले होते, पण आपल्या गावातलं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं. ती इथल्या हुडको वसाहतीतली. वडील प्लँटमध्ये, म्हणजे गावच्या पोलाद कारखान्यात, क्लार्क होते, आणि पॉवर हाऊस भागातल्या याच टॉकीजमध्ये लहानपणी तिने बाकड्यावर उभं राहून सिनेमे पाहिले होते. शुक्रवारी शाळेतल्या अर्ध्या मैत्रिणी येणार होत्या. इथे आवाज फसला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पडद्यामागे डाव्या-उजव्या हाताला कपाटाएवढे दोन सबवूफर ठेवलेले होते. बाकीचे स्पीकर बोलणार, गाणार, रडणार. या दोघांचं काम फक्त खालचा आवाज, म्हणजे ढगांचा, इंजिनांचा, इमारती कोसळण्याचा. टॉकीजचा तरुण मालक निखिल याचा सगळा जीव त्या दोघांत अडकला होता.

"मले बाकी काई नको, मॅडम," तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता. "पडद्यावर ट्रक आला, तं माणसाच्या पोटात आला पाह्यजे. बस!"

आणि ट्रक कुणाच्याच पोटात येत नव्हता. अनुजाने खालचा, जाड, एकसुरी आवाज लावला की कडेच्या वाटेवरचं लोखंडी कठडा थरथरायचा, दाराजवळच्या खुर्च्या गुरगुरायच्या. मधल्या रांगेत येऊन बसलं की मात्र आवाज विरघळून जायचा. सगळ्यात चांगली जागा ती, आणि तिथेच शुकशुकाट.

"और बढ़ाऊं क्या?" वरून प्रोजेक्टरच्या खोलीच्या खिडकीतून निखिलने विचारलं.

"वाढवा थोडा."

त्याने वाढवला. कठडा खडखडला, मधल्या रांगेत काही नाही. आणखी वाढवला. छताचा एक पांढरा पोपडा अनुजाच्या मांडीवर येऊन पडला, पण छातीत काही वाजलं नाही. तिने मापायचा माइक पुढे-मागे हलवून पाहिला. मीटरचा आकडाही तेच सांगत होता. "अजून," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजातला हट्ट तिला आवडला नाही.

तेवढ्यात टॉकीजच्या मागच्या पत्र्याच्या दारावर दणके बसायला लागले. निखिलने घाईघाईने आवाज बंद केला, तरी दणके चालूच.

अनुजाने जाऊन दार उघडलं. बाहेर एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. लुगड्यावर तेलाचे आणि तिखटाचे ओघळ, आणि हातात एका बरणीचं नुसतं झाकण.

"कोण वाजवून राह्यलं हे?" तिने झाकण अनुजाच्या नाकासमोर धरलं. "माही कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली! साऱ्या वर्षाचं लोणचं! पोलिसात जाईन मी, सांगून ठेवते. उद्घाटन होते कसं थेच पाहाते!"

निखिल जिना उतरून आला होता, पण बाईला पाहताच तो दाराच्या आडोशाला थबकला. त्याच्या मागून तिकीटघरातून त्याचे वडील जानराव आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, काखेत वर्तमानपत्र. ते बाईकडे न पाहता अनुजाला म्हणाले, "बाई, तुम्ही तिच्यासंगं बोलू नका. त्या घरासंगं आपलं बोलणं नाही."

"मलेही काई हौस नाई," बाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली.

दोघंही अनुजाकडेच पाहत होती. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. बाहेर कामावर असताना ती पुस्तकी मराठी नाहीतर हिंदी बोलायची. या वेळी तोंडातून घरची भाषाच आली.

"मावशी, थे मीच वाजवून राह्यली होती. त्याईचा काई दोष नाई. मले दाखवता का कुठे फुटली थे?"

बाईने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाची वं तू?"

"हुडकोच्या भोंगाड्यांची. बाबा प्लँटमध्ये होते."

"मंग आपलीच आहेस," बाईचा आवाज एकदम खाली आला. "चाल. चपला बाहेर काढजो, आत सारा काच आहे."

त्या बाईंचं, म्हणजे तुळसाबाईंचं, घर टॉकीजला पाठ टेकूनच बांधलेलं होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि पडद्यामागची भिंत एकच. त्या भिंतीवर पितळी-स्टीलच्या भांड्यांची मांडणी ठोकलेली, आणि खाली फरशीवर तेल, मोहरी, कैरीच्या फोडी यांचा चिखल. अनुजाने ओढणी खोचली आणि काचा वेचायला बसली. बाई नको नको म्हणाल्या आणि सुपली आणून दिली. दोघी मिळून फरशी पुसेपर्यंत बाईंचा राग बराचसा लोणच्यासोबत बादलीत गेला होता.

"जानरावकाकांसंगं कावून बोलत नाई तुमी?" अनुजाने विचारलं.

"अवं, आमचे हे होते देवीदास. मालगाडीवर गार्ड." तुळसाबाई पाटावर टेकल्या. "रातभर ड्युटी कराव, सकाळी याव, आन दुपारी झोपाले पडले का या भिंतीतून ढिशूम-ढिशूम! जानरावले लय वेळा सांगतलं, दुपारचा शो हळू लाव. ऐकेच ना. मंग एक दिवस काय केलं यायनं? शिट्टी घेतली गार्डाची, आन गेले गच्चीवर. तिकडे पिक्चर रंगात आला, का इकडून हे फुर्रर्र करून वाजवून राह्यले! टॉकीजच्या वरच्या झरोक्यातून आत जाय आवाज. लोकायले वाटलं पोलीस आले. ब्लॅकवाले पळाले, त्यायच्या मागं मागं सारी पब्लिक पळाली. हॉल खाली!"

अनुजा हसता हसता भिंतीला टेकली.

"तू हसून राह्यली. जानरावनं दारात येऊन जे तोंड सोडलं ना बापा! तवापासून बंद. हे गेले तवा मातीले आला, पण बोलला नाई."

"म्हणजे या टॉकीजमध्ये तुमी कधीच—?"

"पाय नाई ठेवला." तुळसाबाईंनी भिंतीवर हात ठेवला. "पण पिक्चर सारे ऐकले. भांडे घासता घासता, पोळ्या लाटता लाटता. कोण मेलं, कोणाचं लगन झालं, सारं समजे मले. चेहरे तेवढे आपल्या मनानं लावाव. टॉकीज बंद पडली तं दुपार जाता जाये ना." मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी आवाज चढवला. "पण असं नव्हतं हो तवा! गाणे येत, रडणं ये. हे काय आणलं तुमी? नुसता भूकंप!"

भूकंप. अनुजाच्या डोक्यात तो शब्द अडकला. हॉलच्या मध्यभागी ज्याचा मागमूस नाही, तो इथे बरण्या फोडत होता. म्हणजे आवाज कमी नव्हताच. तो नको तिथे जात होता आणि हवा तिथे पोचत नव्हता.

"मावशी, मी अजून एकदा वाजवू का? हळू वाजवते. भांडे खाली उतरवून ठेवू आधी."

"आता काय उरलं फुटाले," तुळसाबाई म्हणाल्या, आणि पाण्याचा पितळी गुंड मात्र चटकन उचलून पोटाशी धरला.

अनुजाने निखिलला फोन लावला. "एकेक करून लावा. आधी फक्त डावा."

भिंत गप्पच होती. कान लावला तर कुठेतरी दूर मांजर गुरगुरल्यासारखं वाटत होतं.

"आता फक्त उजवा."

मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना भेटायला लागल्या. अनुजाने भिंतीवर तळवा टेकला; भिंतच बोलत होती. तिला आठवलं, पडद्यामागे उजव्या सबवूफरच्या डब्याला लोखंडी अँगल मारून भिंतीत बोल्टने आवळलेलं होतं. डबा हलू नये म्हणून केलेलं ते काम. डबा हलला नव्हता खरा, पण त्याने अख्खी भिंत वाजवायला घेतली होती.

"हे समजलं मावशी. तुमचं तं होते ठीक. आमचंच समजून नाई राह्यलं."

ती टॉकीजमध्ये परत आली, ती थेट मधल्या खुर्चीत जाऊन बसली. आत्तापर्यंत तिने दोन्ही डबे सोबतच वाजवले होते. वेगवेगळे ऐकायचं सुचलंच नव्हतं.

"निखिलभाऊ, डावा लावा."

आवाज आला. खुर्चीच्या पाठीतून चढून बरगड्यांत शिरला. छान, भरदार.

"उजवा."

तोही आला. तितकाच भरदार.

"आता दोन्ही."

आणि गेला! दोघंही पूर्ण जोरात चालू असताना मधली रांग सुनी पडली. वरच्या खिडकीतून निखिलने डोकं बाहेर काढलं. "मॅडम, ये क्या है? दोघं मिळून डबल व्हाले पाह्यजे ना?"

अनुजा पडद्यामागे धावली. तिने हॉलभर मारलेल्या फेऱ्या, ते 'अजून वाढवा, अजून वाढवा' सगळं का फुकट गेलं ते तिला एकदम उमगलं होतं, आणि कानशिलं तापली होती. तिने मापायच्या मीटरचं झाकण उघडून आतली लहान चौकोनी बॅटरी काढली आणि वायरमन चंदनला हाक मारली. चंदन मिशीवाला, गप्पा मारत काम करणारा माणूस. डब्यांची सगळी जोडणी त्यानेच केली होती.

"चंदनभाऊ, ॲम्प्लिफायर बंद करा. डाव्याची वायर काढून द्या माझ्या हातात."

वायरींच्या टोकांना बॅटरी टेकवली तशी डाव्या डब्यातल्या स्पीकरचा मोठा काळा पडदा टुणकन पुढे आला. तिने बॅटरी उचलली, तो मागे बसला. मग उजव्या डब्याच्या वायरी घेतल्या, तीच टोकं, तोच रंग. बॅटरी टेकवली, आणि पडदा आत गेला.

चंदनने मिशीवर हात ठेवला. "अरे देवा! ये तो उल्टा है."

"डब्याच्या आत लाल-काळी अदलाबदली झाली आहे," अनुजा म्हणाली. "एक हवा पुढे ढकलून राहिला, त्याच वेळी दुसरा मागे ओढून राहिला. मध्ये दोघांची बेरीज शून्य. मी ॲम्प्लिफायरकडची टोकं तपासली, डब्याकडची नाही."

"गलती माझी," चंदन म्हणाला.

"अर्धी माझी," ती म्हणाली. "चला, पेचकस द्या."

वायर फिरवणं सोपं होतं. अँगल काढायला मात्र संध्याकाळ झाली. बोल्ट असे आवळले होते की जणू डबे पळून जाणार होते. दोन्ही डबे भिंतीपासून हातभर पुढे घेतले. त्यांच्या खाली घालायला चंदन स्कूटर काढून सुपेला भागातल्या भंगारवाल्याकडून कन्व्हेयर बेल्टचे जाड रबरी तुकडे घेऊन आला. प्लँटमध्ये कोळसा वाहून म्हातारे झालेले ते पट्टे. त्यांवर डबे असे बसले की जमिनीला डब्याची चाहूलही लागू नये. मग अनुजाने निखिलने दिवसभर चढवलेला सगळा जोर खाली आणला. निखिलचा चेहरा पडला.

"इतना कम? मॅडम, ऐसे में ट्रक कैसे आयेगा?"

"खाली येऊन बसा. माझ्या बाजूला."

तो येऊन बसला. आवाज ऐकून वर्तमानपत्र काखेत घेऊन जानरावही आत डोकावले होते. ते मागच्या खुर्चीवर टेकले. अनुजाने सोबत आणलेल्या चाचणीच्या चित्रफितीतला एक तुकडा लावला. काळोखा बोगदा, पाण्याचे थेंब, आणि दुरून येणारी मालगाडी. आधी काहीच नाही. मग खुर्चीच्या बैठकीत एक बारीकशी कुजबुज. मग ती पोटरीत, मांडीत, पोटात चढत गेली, आणि इंजिन बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा निखिलने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

गाडी निघून गेली. निखिलने आपल्या पोटावर हात फिरवला आणि लहान मुलासारखा ओरडला, "आया! बाबा, आया!"

जानरावांनी चष्मा काढून पुसला. "कठडा नाही वाजला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढी शाबासकी म्हणजे खूप, हे निखिलच्या चेहऱ्यावरून अनुजाला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पूर्ण आवाजात अख्खा सिनेमा एकदा चालवून पाहिला. सगळं ठीक होतं. मध्यंतराच्या सुमारास मागच्या दारावर पुन्हा दणके सुरू झाले. अजून काय फुटलं?

दारात तुळसाबाईच. हातात या वेळी झाकण नव्हतं, पण चेहरा कालच्याहून वाईट.

"काय झालं मावशी? वाजून राह्यले का भांडे?"

"नाई."

"मंग?"

"काईच येऊन नाई राह्यलं!" तुळसाबाई चिडून म्हणाल्या. "कान लावून बसली मी सकाळपासून. पिक्चर चालू हाय का बंद, थेही समजेना. गाणं नाई, रडणं नाई. अशी कशी नीट केली वं तू?"

निखिलने पडद्यामागच्या भिंतीला नवं जाड अस्तर लावलं होतं, आणि आता बेसही भिंतीत शिरायचा थांबल्यावर तिच्यातून काहीच पार होणार नव्हतं. काल ती खूश होती ती नेमकी याच गोष्टीवर.

"मावशी, आता ऐकाले नाई मिळणार," ती हळूच म्हणाली. "पाहाले याव लागीन."

"त्याच्या दारात? बोलावल्याबिगर? मी मेली तरी नाई."

तुळसाबाई पाठ फिरवून गेल्या. अनुजा तिकीटघरात गेली. जानराव उद्याच्या हारांचा हिशोब फुलवाल्याला फोनवर समजावत होते. फोन ठेवेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग तिने सांगून टाकलं: भांडी घासता घासता ऐकलेले सिनेमे, मनाने लावलेले चेहरे, टॉकीज बंद पडल्यावर न सरणाऱ्या दुपारी, सगळं.

जानराव काचेतून रस्त्याकडे पाहू लागले. "सारे ऐकले म्हणते?"

"सगळे."

"मी तं समजो, त्या घराले आपल्या टॉकीजचा तिटकारा आहे." ते उठले, पुन्हा बसले. "मी जाऊन काय म्हणू? देवीदासनं माझा हॉल खाली केला होता, बाई. हाउसफुल्ल!"

"दुपारचा आवाज कमी केला असता तर?"

जानरावांनी तिच्याकडे जरा रागाने पाहिलं. मग खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवला. अनुजाला वाटलं आता ते तिला बाहेर काढणार. ते स्वतःच बाहेर पडले.

ती दूर अंतर ठेवून मागे गेली. जानराव तुळसाबाईंच्या फाटकाशी उभे राहिले, कडी वाजवली आणि ती वाजवून हात मागे लपवला. तुळसाबाई ओट्यावर आल्या.

"वहिनी," जानराव तुळशीच्या कुंडीकडे पाहत म्हणाले, "बरणी फुटली म्हणे तुमची."

"फुटली."

"कैरीचं होतं?"

"कैरीचंच."

"उद्या उद्घाटन आहे," जानराव म्हणाले. "नारळ फोडाले घरची मोठी बाई पाह्यजे. आमची आई गेली, निखिलची आई गेली. टॉकीजले सगळ्यात जवळचं घर तुमचंच. तुमी फोडाल का?"

तुळसाबाईंनी पदराने ओट्याची कड पुसली, जिथे काहीच सांडलेलं नव्हतं. "देवीदास असते तं आले असते," त्या म्हणाल्या. "तसे मनानं वाईट नव्हते थे. झोपेचे कच्चे होते."

"मीही कानाचा कच्चाच होतो," जानराव म्हणाले. "ऐकलं नाही."

"किती वाजता याव लागते?"

शुक्रवारी तुळसाबाईंनी नारळ एका फटक्यात फोडला. अंगावर जांभळं नऊवारी, केसांत अबोली, सोबत गल्लीतल्या दोघी-तिघी बाया. अनुजाच्या मैत्रिणी आल्या, तिची आई आली, प्लँटच्या सेक्टरमधल्या तिच्या शाळेचे मास्तरही आले. निखिल दारात उभा राहून प्रत्येकाला मधल्याच रांगेत जागा मिळाली आहे ना, असं विचारत होता, जणू बाकीच्या रांगा कुणी दुसऱ्याने बांधल्या होत्या.

तुळसाबाईंना त्याने अनुजाच्या शेजारी, बरोब्बर मध्ये बसवलं. दिवे मावळले. पडदा उजळला तशा त्या पुढे सरकल्या, आणि नायक आल्यावर अनुजाच्या कानाशी लागल्या. "एवढासाच हाय का गं हा? आवाज तं कसा पहिलवानासारखा!"

पुढे गोष्टीत धरणाचा दरवाजा फुटला. अनुजाला माहीत होतं की आता येणार, तिने ते कितीदा ऐकलं होतं. तरी ती पडद्याकडे न पाहता बाजूला पाहत होती. पाण्याचा तो खोल, लांबलचक गडगडाट उठला तसे तुळसाबाईंनी आधी स्वतःच्या पोटावर, मग अनुजाच्या मनगटावर हात ठेवला. डोळे विस्फारलेले. मग त्यांच्या पोटातूनच हसू फुटलं, आवाजासारखंच खालून वर चढत आलं. शेजारच्या बाया हसायला लागल्या, त्यांच्यामागची रांग हसायला लागली. पडद्यावर गाव वाहून चाललं होतं आणि मधल्या रांगा खदखदत होत्या.

शो सुटल्यावर लोक निवांत पांगत होते. तुळसाबाई पायऱ्यांवर थांबल्या, पदर सावरला. जानराव हात मागे बांधून समोर आले.

"कसा वाटला वहिनी पिक्चर?"

"पिक्चरमध्ये काई दम नव्हता," तुळसाबाई बिनधास्त म्हणाल्या. "त्या पोरीले धरणावर जायाची गरजच नव्हती. पण खुर्ची लय चांगली हाय. पुढच्या हप्त्यात काय लावता?"

"ठरलं नाही अजून."

"मंग एखादा हसायचा लावा. आन उन्हाळ्यात दुपारचा ठेवजा, माह्या भाच्या येऊन राह्यल्या बोरसीहून."

जानरावांनी मान हलवली आणि निखिलला हाक मारली. अनुजा पायऱ्या उतरून आईच्या स्कूटरवर मागे बसली. आई गर्दीतून वाट काढत म्हणाली, "काय वो, पोटात अजून गुरगुरून राह्यलं माह्या."

"थे भूक असंल," अनुजा म्हणाली. "चाल, घरी."